हाताने रंगवलेला नाद

संग्रह करणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातले लोक पैशांचा संग्रह करतात. त्यांना कुणी संग्राहक म्हणत नाही, प्रतिष्ठित नागरिक म्हणतात. दुसऱ्या वर्गातले लोक नाणी, तिकिटे, दिवे, अडकित्ते असल्या वस्तू जमवतात. यांच्यातला एखादा थोर निघतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवता जमवता अख्खे संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते सरकारला देऊनही टाकले. तिसरा वर्ग खिशात दमडी नसताना लाखमोलाच्या वस्तूंवर डोळा ठेवणाऱ्यांचा. मी या तिसऱ्या वर्गात पहिला येतो.

मला नाद आहे जुन्या, हाताने रंगवलेल्या चित्रांच्या पुस्तकांचा. ही पुस्तके मी 'जमवतो' असे आमच्या आळीत बोलले जाते. पण इथे 'जमवणे' हे क्रियापद जरा सैलच घ्यावे लागेल. माझ्या कपाटात अशी पुस्तके अडीच आहेत. दोन फुलांची आणि अर्धे पक्ष्यांचे. त्या अर्ध्यात बदकांपर्यंतचा मजकूर आहे. बदकांनंतर देवाने काय निर्माण केले ते निदान माझ्या प्रतीवरून कळत नाही.

'हाताने रंगवलेले पुस्तक' म्हटले की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे लहान पोरांच्या चित्रकलेच्या वहीसारखं का हो?" प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. पद्धत खरोखर तशीच होती. रंगीत छपाई व्यवहारात येण्यापूर्वी, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, त्यावर राळेची पूड बसवायची, तेजाबाने पत्रा खाऊ घालायचा म्हणजे सावल्या उमटतात, आणि मग एका किंवा दोन शाईंत कागदावर छाप घ्यायचा. छापखान्याचे काम इथे संपले. पुढे लांबलचक टेबलांवर माणसे बसत, त्यांत बायका आणि मुली पुष्कळ. समोर एक नमुना पान ठेवलेले. एकीने आभाळ रंगवायचे आणि पान पुढे सरकवायचे. दुसरीने झाडे, तिसरीने साहेबाचा लाल कोट. आपल्याकडे पापडाला जशा बायका बसतात, एक लाट्या करते, एक लाटते, एक वाळत घालते, अगदी तसे. फरक इतकाच, की पापड खाऊन संपतात आणि ही पाने दोनशे वर्षांनी लिलावात निघतात.

हे काम किती चाले त्याचा एक हिशेब सांगतो. लंडनच्या आकरमन नावाच्या प्रकाशकाने १८०८ ते १८१० या काळात लंडन शहराच्या चित्रांचे एक पुस्तक काढले. चित्रे १०४, प्रती १,०००. म्हणजे एकेक करून हाताने रंगवायची पाने झाली १,०४,०००. आमच्या शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी एका तासात एक पेरू रंगवायला सांगितला तर आम्हाला घाम फुटत असे.

त्यांच्या रंगांत आपलाही वाटा होता. 'इंडियन यलो' नावाचा एक झळझळीत पिवळा रंग तिकडच्या चित्रकारांचा लाडका होता. तो कशापासून करतात याचा त्यांना बरीच वर्षे पत्ता नव्हता. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी नावाच्या गृहस्थांनी लंडनला पत्र लिहून कळवले, की बिहारात मोंघीरजवळ काही गवळी गाईंना आंब्याची पाने खायला घालतात आणि त्यांच्या मूत्रापासून हा रंग करतात. म्हणजे विलायतेतल्या दिवाणखान्यात टांगलेल्या कित्येक सोनेरी संध्याकाळी मुळात मोंघीरच्या गोठ्यातल्या!

आता तुम्ही म्हणाल, विलायती पुस्तकांच्या विलायती गोष्टी आम्हाला कशाला? तर या नादाचे मूळ निघते थेट शनिवारवाड्यात.

पेशव्यांच्या दरबारी १७८६ पासून चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. याला लेण्यांचे वेड. पुण्यात त्याला एक तरुण कारागीर सापडला. नाव गंगाराम चिंतामण तांबट. या गंगारामाने काय काय काढले! कार्ल्याची लेणी काढली, वेरूळची काढली आणि १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. पुढे जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला आणि मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. बाहेर राजकारणाचा एवढा धुरळा उडत असताना आत काही माणसे शांतपणे पेन्सिलींना टोके काढीत बसली होती, ही कल्पनाच मला फार आवडते.

वेल्स १७९५ मध्ये ठाण्याला वारला. त्याची वेरूळची चित्रे मॅलेटकडे गेली. वेल्सची मुलगीही पुढे १७९९ मध्ये मॅलेटशी लग्न करून त्याच्याच घरी गेली. चित्रे विलायतेत थॉमस डॅनियलच्या हाती पडली आणि १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रे छापून, हाताने रंगवून बाहेर आली. थॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम या डॅनियल मंडळींच्या हिंदुस्थानविषयक चित्रांच्या एकूण सहा भागांतला हा शेवटचा भाग धरतात. सगळी मिळून १४४ चित्रे, आणि पूर्ण संचाची किंमत त्या काळी २१० पौंड. तेवढ्यात तेव्हा विलायतेत एखादे मध्यमवर्गीय कुटुंब वर्षभर बरे जेवले असते.

वेरूळच्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे. आमच्या गंगारामाचे नाही. ज्या डोंगरात तो साहेबासाठी मोजपट्टी आणि कागद घेऊन उन्हातान्हात हिंडला, तो डोंगर लंडनमध्ये कुणा मुलीने पिवळ्या-तपकिरी रंगाने रंगवला. तिने वेरूळ पाहिले नव्हते, तिच्या धन्याने तिला पाहिले असेल-नसेल. त्या पुस्तकात एकमेकांना न ओळखणारी अशी दोन माणसे शेजारी शेजारी बसली आहेत. गंगारामाचे नशीब इतके तरी, की त्याची चित्रे टिकली, आज ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि विद्वान लोक त्याच्यावर निबंध लिहितात. त्या मुलीवर निबंध लिहायला तिचे नाव तरी हवे ना!

तसाच दुसरा एक ग्रंथ ग्रिंडलेचा. वडीलधाऱ्यांना ग्रिंडलेज बँक आठवत असेल. तिचा मूळपुरुष कॅप्टन ग्रिंडले मुंबईच्या फौजेत होता आणि फावल्या वेळात चित्रे काढायचा. बँकवाल्याला फावला वेळ असतो याचा हा जुना पुरावा. त्याचे पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांचे पुस्तक १८२६ ते १८३० या काळात खंडशः निघाले. चित्रे ३६. त्यात मुंबई आहे, दौलताबाद आहे, वेरूळ आहे, बोरघाट आहे. ताम्हिणी घाट नाही. साहेब मुंबईहून पुण्याला यायचा तो बोरघाटाने, मग चित्रेही बोरघाटाचीच निघणार. ताम्हिणीने जाणारी आमची माणसे डोक्यावर ओझे घेऊन जात. ओझे असले की माणूस देखावा बघत नाही, पाय कुठे पडतो ते बघतो.

असली पुस्तके ओळखायची कशी, हे शास्त्र आहे. पान उजेडासमोर धरायचे. कागदात 'व्हॉटमन' हे कागदवाल्याचे नाव आणि साल पाण्याच्या खुणेने उमटलेले दिसले तर उत्तम. मग पान उलटून मागची बाजू बघायची. जुना तांबेयुक्त हिरवा रंग कागद खात खात मागे तपकिरी होऊन निघतो, शिशाचा पांढरा काळा पडतो. चित्र दोनशे वर्षांचे आणि हिरवा रंग कालच्या कोथिंबिरीसारखा असेल तर समजावे, कुणा उद्योगी माणसाने साध्या चित्रावर नुकताच हात फिरवला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मी अशी पाने उन्हात धरून उभा असतो. शेजारचा स्क्रूड्रायव्हरवाला एकदा हळूच म्हणाला, "साहेब, खोटी नोट आली का?"

पण या नादातले खरे दुःख खोट्या रंगाचे नाही. ते वेगळेच आहे. ते मला मुंबईच्या एका दुकानदाराने समजावून सांगितले. त्याचे नाव सांगत नाही. त्याच्याकडे एक जाडजूड ग्रंथ होता, त्यात चाळीसेक पक्षी, सगळे हाताने रंगवलेले. मी किंमत विचारली. तो म्हणाला, "कुठला पक्षी पाहिजे?"

म्हटलं, "पक्षी नको, पुस्तक पाहिजे. म्हणजे बघायला पाहिजे."

"पुस्तक कोण घेतो साहेब? हॉटेलवाले येतात, बंगलेवाले येतात. एक-एक पान फ्रेम करून नेतात. पुस्तकाचे एकदा पैसे मिळतील, पानांचे चाळीसदा मिळतील."

आणि त्याने माझ्यादेखत बांधणीत सुरी घातली. खाटीक निदान तोंड दुसरीकडे करायला सांगतो. मजकुराची पाने बाजूच्या खोक्यात गेली. ज्या पक्ष्यांना कुणी विचारत नाही, उदाहरणार्थ कावळा, तेही खोक्यात गेले. दोनशे वर्षे एका पुठ्ठ्यात राहिलेले ते एकत्र कुटुंब दहा मिनिटांत फुटले. पोपट एका हॉटेलच्या जिन्यात, खंड्या कुणाच्या न्हाणीघराबाहेर. जगभर हेच चालते आणि बहुतेक ठिकाणी त्यात बेकायदा काहीही नाही. ज्याचा माल, त्याची सुरी. मी त्या दुकानातून काहीही न घेता बाहेर पडलो. एरवीही मी काहीही न घेताच बाहेर पडतो, पण त्या दिवशी परवडत असते तरी घेतले नसते.

असो. आता ताम्हिणीकडे वळतो. मुळशी तालुक्यातले ताम्हिणी ही माझी सासुरवाडी. जगात पुस्तकांच्या संग्राहकाला वर्ज्य अशी जी स्थळे असतील त्यांत तिचा नंबर फार वर लागावा. तिथला पाऊस हा पाऊस नव्हेच, तो मुक्कामाला आलेला पाहुणा. २०२४ च्या जुलैत तिथे एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहराला सबंध वर्षाला जेमतेम सातशेच्या आसपास पुरतो. अशा ठिकाणी मी एका आषाढात माझ्या अडीचांपैकी एक पुस्तक घेऊन गेलो होतो. मेव्हण्यांना दाखवायचे होते. सोबत डांबराच्या गोळ्या, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या आणि दमट हवा शोषणाऱ्या पुड्या असा सरंजाम. चार दिवसांत पुड्यांनी एवढे पाणी प्यायले की त्याच ओल्या झाल्या.

सासूबाईंनी हा सोहळा शांतपणे पाहिला आणि मग माळ्यावरून आपली पोथी खाली काढली. त्यांच्या सासूबाईंच्या वेळची, दगडावर छापलेली. सुती बासनात गच्च गुंडाळलेली, आत वेखंडाचा तुकडा, आणि मुक्काम चुलीच्या वरच्या माळ्यावर, जिथे बारा महिने धूर आणि ऊब. पानांना कसर नाही, बुरशी नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमचं बुक द्या हिकडं. पोथीशेजारी ठेवते. देवाच्या संगतीनं ऱ्हाईल."

राहिले. माझे विलायती फुलांचे पुस्तक उरलेला आषाढ एका मराठी पोथीच्या मांडीला मांडी लावून बसले आणि सुखरूप परत आले. फक्त त्याला अजून किंचित भाकरीचा वास येतो. संग्राहकांच्या भाषेत याला 'प्रतीची पूर्वपीठिका' म्हणतात.

त्याच मुक्कामात ती शीळ ऐकली. पहाटे, झुंजूमुंजू व्हायच्याही आधी, ओढ्याच्या बाजूने कुणीतरी उगाच, सुराबिराची पर्वा न करता शिट्टी वाजवीत चालले होते. मी मेव्हण्यांना म्हटले, "एवढ्या पावसात हा कोण पोरगा?" ते हसले. "पोरगा कशाचा दाजी, पाखरू हाय त्ये."

तो मलबारी कस्तूर. इंग्रजीतही त्याला 'शिट्टी वाजवणारा शाळकरी' असेच म्हणतात. अंग निळसर काळे, कपाळावर आणि खांद्यावर चकाकता निळा पट्टा, जणू पोरगा शाईची दौत सांडून शाळेतून पळाला आहे. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा हा रहिवासी. पावसाळा आला की याला कंठ फुटतो.

आणि हा पक्षी एका जगप्रसिद्ध हातरंगी पुस्तकात आहे. जॉन गूल्ड हा लंडनच्या प्राणिसंस्थेत मेलेले पक्षी पेंढा भरून ठेवण्याचे काम करी. हिमालयातून पक्ष्यांच्या कातड्यांचे एक गाठोडे त्याच्या हाती आले, आणि त्यावरून त्याने १८३० च्या पुढे दोन-तीन वर्षांत ८० चित्रांचे, १०० हिमालयीन पक्ष्यांचे पुस्तक काढले. चित्रे दगडावर रेखाटली त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. त्यात आमचा हा मलबारी कस्तूरही बसलेला आहे. वास्तविक याचा आणि हिमालयाचा काही संबंध नाही. कुणाच्या तरी हातून कातड्यांची सरमिसळ झाली आणि सह्याद्रीचा पोरगा हिमालयाच्या हजेरीपटावर चढला. बदलीच्या हुकमात गावाचे नाव चुकलेला सरकारी नोकर आणि हा पक्षी यांची दोघांची कथा सारखीच.

हे पुस्तक आज मोबाइलवर फुकट बघायला मिळते. मी ते भाच्याच्या मोबाइलवर काढले आणि घरच्यांना दाखवले. मेव्हणे बराच वेळ बघून म्हणाले, "रंग झ्याक बसलाय. पर पाखरू जितं न्हाई वाटत." कातड्यावरून काढलेल्या पक्ष्याची याहून नेमकी समीक्षा मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही.

भाच्याचा प्रश्न मात्र अडचणीचा होता. "काका, इथं सगळं फुकट दिसतंय तर जुनं पुस्तक विकत कशाला घ्यायचं?"

म्हटलं, "अरे, मोबाइलवर दिसतंय ते एका प्रतीचं चित्र. या पुस्तकाच्या काही प्रतींत मागची झाडं-खडकही रंगवलेले आहेत, काहींत नुसता पक्षीच. एकीचा हात हलका, दुसरीचा जड. प्रत्येक प्रत म्हणजे वेगळ्या माणसाचा वेगळा दिवस. छापलेली पुस्तकं सारखी असतात. रंगवलेली सारखी असूच शकत नाहीत."

इतका वेळ निवडलेले तांदूळ सुपात घोळवीत बसलेल्या सासूबाईंनी विचारले, "मग ह्ये रंगवलं कुणी?"

मी सांगू लागलो. चित्र कुणी काढले ते पानाखाली छापले आहे. दगडावरून छाप कुणी घेतला, त्या हुलमंडेलचेही नाव आहे. मजकूर कुणाचा ते ठाऊक आहे. एवढेच काय, पुस्तकाला आगाऊ वर्गणी कुणी कुणी दिली त्या उमरावांची आणि साहेबांची यादीसुद्धा पुस्तकात छापली आहे. रंगवणाऱ्यांची नावे तेवढी नाहीत. पुढे गूल्डचा व्याप वाढला तेव्हा त्याच्या रंगाऱ्यांवर बेफील्ड म्हणून एक मुख्य होता, त्याचे नाव टिकले. त्याच्या हाताखालचे हात तसेच गेले.

"म्हंजी आहेराच्या वहीवानी," सासूबाई म्हणाल्या. "आहेर करणाऱ्याचं नाव वहीत. चुलीपाशी राबली त्या बाईचं नाव कुणी लिवतं का?"

मी गप्प बसलो. चाळीस वर्षे मी या विषयावर वाचतो आहे. सूप हातात धरून इतके थोडक्यात कुणी सांगितले नव्हते.

आणि ही गोष्ट फक्त लंडनची नाही. पुण्याजवळच्या दापोडीला, तेव्हाच्या दापुरीला, सरकारी वनस्पतिबाग होती. तिथल्या डॉक्टर गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात नीट जपलेली आहेत, २००२ मध्ये त्यांच्यावर देखणे पुस्तकही निघाले. प्रत्येक झाडाचे लॅटिन नाव लागले. चित्रकाराचे लागले नाही. झाडाला दोन-दोन नावे आणि माणसाला एकही नाही!

पुढे हे हातच थांबले. एका चित्राला रंगागणिक वेगवेगळे दगड वापरून छापायची रीत आली. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे मळवलीला आला. लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोचल्या, गरिबाच्या भिंतीलाही रंग मिळाला, ही फार मोठी गोष्ट झाली. त्या मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली. नाव असलेल्यांच्या वाट्याला अशी आग येते, नसलेल्यांच्या वाट्याला तेवढीही बातमी येत नाही.

माझ्या अडीच पुस्तकांची मी एक नोंदवही ठेवली आहे. नाव, लेखक, चित्रकार, कोरणारा, प्रकाशक, साल असे रकाने त्यात पहिल्यापासून होते. ताम्हिणीहून आल्यावर मी पट्टी घेऊन त्यात एक रकाना वाढवला : 'रंग कुणी दिले'. अडीचही पुस्तकांपुढे तो कोरा आहे आणि बहुधा कोराच राहणार. पण रकाना आखलेला आहे. उद्या कुणाला एखादे नाव सापडलेच तर ते लिहायला जागा तरी असावी.

आमच्या हिने परवा ती वही चाळली. म्हणाली, "दोन रकाने कोरे दिसताहेत. एक रंगाचा आणि एक किमतीचा."

मी म्हटले, "रंगाचा माहिती मिळत नाही म्हणून कोरा आहे."

"आणि किमतीचा?"

"तो," मी म्हणालो, "माहिती मिळू नये म्हणून."